सतरा सप्टेंबरला हरले कोण?

दर वर्षी १७ सप्टेंबरच्या सकाळी परभणीत राष्ट्रध्वज फडकविला जातो, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते आणि जिल्ह्यातील शाळाशाळांतून मराठवाडा मुक्तिसंग्रामावर भाषणे होतात. देशाच्या बहुतेक भागांना स्वातंत्र्याचा एकच दिवस ठाऊक आहे. मराठवाड्याला दोन दिवस लक्षात ठेवावे लागतात. कारण १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा परभणी, नांदेड, बीड, औरंगाबाद आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि त्यांच्या मुक्ततेला आणखी तेरा महिने लागावयाचे होते. त्या तेरा महिन्यांची किंमत या भागाने रक्ताने चुकती केली आहे. तेव्हा या दिवसाचा अभिमान स्वाभाविक आहे आणि तो बाळगावयासच हवा. प्रश्न आहे तो या दिवसाची कथा कशी सांगितली जाते हा.

भाषणांचा साचा आता ठरून गेला आहे. निजामाचा जुलूम, रझाकारांचे अत्याचार, स्वामी रामानंद तीर्थांचे नेतृत्व, सरदार पटेलांचा निर्धार आणि शेवटी जयजयकार. यांतील एकही गोष्ट खोटी नाही. परंतु बोलण्याच्या ओघात व्याकरणातील दोन साधी सर्वनामे नकळत शिरतात: 'त्यांनी' अत्याचार केले, 'आपण' लढलो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे परभणी जिल्ह्याची वस्ती १८ लाखांहून अधिक आहे. तीत ढोबळमानाने सहा माणसांमागे एक मुसलमान आणि दहा माणसांमागे एक बौद्ध आहे. म्हणजे मैदानावर रांगेत उभ्या असलेल्या मुलांत मुसलमान मुले असतातच. रझाकारांच्या काळात त्यांचे आजोबाही बहुधा जन्मलेले नव्हते. तरीही या दोन सर्वनामांपैकी कोणत्यात आपली गणना होते, हे सातवी-आठवीतील ही मुले भाषण संपण्याच्या आत ओळखतात. राष्ट्र कोणाचे, या प्रश्नाला नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एक उत्तर आणि शाळेच्या मैदानावर दुसरे उत्तर मिळते. आणि मुलाच्या मनात टिकून राहते ते मैदानावरचे.

म्हणूनच १७ सप्टेंबर १९४८ रोजी नेमके कोण हरले, हा प्रश्न पंचाहत्तर वर्षे उलटून गेल्यावरही विचारणे अगत्याचे ठरते.

सिंहासनाचा सिद्धांत

हैदराबाद हे सोळा जिल्ह्यांचे आणि दीड कोटीहून अधिक लोकवस्तीचे संस्थान होते. प्रजेतील फार मोठी बहुसंख्या तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या हिंदूंची. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. साधी जाहीर सभा भरवावयाची तरी सरकारी परवानगी लागे. 'गश्ती निशाण ५३' या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या आदेशाने सार्वजनिक जीवनाचा गळा आवळला होता. अशा वातावरणात १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला, म्हणजे त्या वेळच्या परभणी जिल्ह्यात, भरले. पुढच्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी घालण्यात आली.

अनियंत्रित राजसत्ता भारतात इतरत्रही होत्या. शेकडो संस्थानिकांपैकी बहुतेकांच्या राज्यात प्रजेला हक्क म्हणून काही नव्हते. हैदराबादचे वेगळेपण हे, की तेथे राजसत्तेला एक धार्मिक सिद्धांत जोडला गेला. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेने, विशेषतः बहादूर यार जंग यांच्या नेतृत्वाखाली, 'अनल मलिक' हा विचार मांडला. त्याचा आशय असा, की संस्थानाचे सार्वभौमत्व एकट्या निजामाचे नसून ते तेथील प्रत्येक मुसलमानाचे आहे. निजाम हे त्याचे केवळ प्रतीक. या हिशेबाने हैदराबादच्या रस्त्यावर टांगा हाकणारा मुसलमान राज्यकर्ता ठरला आणि त्याच्या टांग्यात बसणारा हिंदू, मग तो कितीही संपन्न असो, प्रजा ठरला. या राज्यकर्तेपणाने टांगेवाल्याच्या पदरात काही पडले नाही. जहागिरी होत्या तेथेच राहिल्या. परंतु आपण मालक आहोत या भावनेची नशा पोटभर अन्नाची उणीव काही काळ विसरावयास लावते. १९४६ नंतर लातूरचा वकील कासीम रझवी याने संघटनेची सूत्रे हाती घेतली आणि या सिद्धांताच्या हाती रझाकारांच्या रूपाने शस्त्र आले.

१७ सप्टेंबरला पराभूत झाला तो हा सिद्धांत. राज्य हे एका धर्माच्या अनुयायांच्या मालकीचे असते आणि इतरांनी त्यात राहावयाचे ते त्या मालकांच्या मर्जीने, असे मानणारी विचारसरणी त्या दिवशी शरण आली. मुक्तिसंग्रामाचे सारे तेज या एका गोष्टीत आहे. जर तो केवळ एका धर्माच्या लोकांनी दुसऱ्या धर्माच्या लोकांवर मिळविलेला विजय असेल, तर सिद्धांत तोच राहिला आणि मालक तेवढे बदलले असे म्हणावे लागेल. आणि मग हुतात्म्यांनी प्राण कशासाठी दिले याचे उत्तर देणे कठीण होईल. वसमतचे महाविद्यालय ज्यांच्या स्मरणार्थ उभे आहे ते बहिर्जी शिंदे मालकांची अदलाबदल व्हावी म्हणून लढले नव्हते.

बाजू धर्माने ठरल्या नव्हत्या

त्या काळाचा इतिहास बारकाईने पाहिला तर निष्ठेची रेघ धर्माच्या रेघेवरून गेलेली नाही असे दिसते. हैदराबादेत 'इमरोज' हे उर्दू दैनिक चालविणारे तरुण संपादक शोएबुल्ला खान संस्थानाने भारतात विलीन व्हावे असे उघडपणे लिहीत होते. रझाकारांच्या विरोधात लिहिणारे हात तोडले जातील अशा धमक्या दिल्या जात असतानाही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये, भारतीय सैन्य संस्थानात येण्याच्या अवघ्या तीन आठवडे आधी, रात्री कार्यालयातून घरी परतताना त्यांची हत्या करण्यात आली आणि त्यांचा हात तोडण्यात आला. भारतात सामील व्हावे एवढ्या एका मतासाठी प्राण देणारा हा पत्रकार मुसलमान होता. तेलंगणातील शेतकऱ्यांच्या सशस्त्र लढ्याच्या नेत्यांत उर्दूचे थोर कवी मखदूम मोहिउद्दीन होते. मराठवाड्यातील किती शाळांच्या भाषणांत ही दोन नावे ऐकू येतात?

दुसऱ्या बाजूला, निजामाचे पंतप्रधान मीर लायक अली यांच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान होते पिंगळी वेंकटरामा रेड्डी. दलितांचे एक नेते बी. एस. वेंकटराव हेही त्या मंत्रिमंडळात होते. निजामाच्या छत्राखाली आपल्या जहागिऱ्या आणि वतने सुखरूप राहतील म्हणून स्वस्थ बसलेल्या हिंदू जमीनदारांची संख्या लहान नव्हती. वेंकटरावांसारखे नेते निजामाकडे का गेले असतील याचे उत्तर सवर्ण समाजाच्या वागणुकीत शोधता येते. तरीही नोव्हेंबर १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक निवेदन काढून हैदराबादमधील दलितांना निजामाची बाजू न घेण्याचे आवाहन केले होते. स्वसमाजाचे दुःख कोणाहूनही अधिक जाणणाऱ्या या नेत्याने त्या घटकेला निवड केली ती लोकशाही भारताची.

याचा अर्थ संस्थानातील सारे मुसलमान विलीनीकरणाच्या बाजूचे होते असा नव्हे. त्यांच्यातील मोठा भाग इत्तेहादच्या प्रभावाखाली होता, आणि ज्यांना ती दिशा चुकीची वाटत होती त्यांतील अनेक जण भीतीने गप्प होते. हे सत्य झाकून ठेवण्याने धर्मनिरपेक्षतेचे काहीच भले होत नाही. मुसलमान समाजातील शिक्षितांनीही 'अनल मलिक'चा विचार आपल्या पूर्वजांना कोठे घेऊन गेला हे निःसंकोचपणे मुलांना सांगितले पाहिजे. परंतु समाजाचा एक मोठा भाग चुकीच्या नेतृत्वामागे गेला, हे एक विधान. आणि त्या समाजात जन्मलेला प्रत्येक माणूस कायमचा संशयित आहे, हे दुसरे विधान. पहिले इतिहासाचे आहे. दुसरे इतिहासाच्या नावाने मांडलेला पूर्वग्रह आहे.

मौनात गेलेले प्रकरण

या कथेचे एक पान भाषणांत कधीच उघडले जात नाही. १३ सप्टेंबरला सुरू झालेली सैनिकी कारवाई, जिला मराठवाड्यात आजही 'पोलीस ॲक्शन' म्हणतात, पाच दिवसांत संपली. तिच्या पाठोपाठ संस्थानाच्या अनेक जिल्ह्यांत मुसलमानांवर सूड उगविला गेला. पंतप्रधान नेहरूंच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती १९४८ च्या अखेरीस सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरून आली. किमान २७ हजार आणि कदाचित ४० हजारांपर्यंत माणसे मारली गेली असावीत, असा या समितीचा अंदाज होता. सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे मराठवाड्यातील दोन जिल्हे तिने नमूद केले. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. २०१३ च्या सुमारास तो अभ्यासकांना पाहावयास मिळू लागला. त्याच अहवालात हिंदू विणकरांनी आपला जीव धोक्यात घालून मुसलमान विणकरांना वाचविल्याचीही नोंद आहे.

रझाकारांचे अत्याचार आधी झाले म्हणून नंतरचे अत्याचार क्षम्य ठरत नाहीत, आणि नंतर झाले म्हणून आधीचे पुसले जात नाहीत. परंतु या सूडाचा बळी कोण झाला हे पाहण्यासारखे आहे. ज्याच्या नावाने हे सारे राज्य चालले होते तो मीर उस्मान अली खान २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत भारतीय संघराज्यातील हैदराबाद राज्याचा राजप्रमुख म्हणून मानाने राहिला. कासीम रझवी शिक्षा भोगून १९५७ मध्ये पाकिस्तानात निघून गेला. मारला गेला तो खेड्यातील विणकर, मजूर, पोलीस पाटलाच्या वाड्याबाहेर बसणारा शिपाई. ज्याला सिंहासनाचा भागीदार म्हटले गेले होते आणि ज्याच्या वाट्याला त्या भागीदारीतून फक्त शिक्षा आली. सुलतान आणि सेनानी सुटतात आणि शेजारी सापडतो. धर्माच्या नावाने राज्य मागणाऱ्या प्रत्येक चळवळीचा हिशेब सरतेशेवटी असाच लागत आलेला आहे.

समभाव पुरेसा का नाही

येथे एक सोईस्कर उत्तर नेहमी पुढे केले जाते. परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दर फेब्रुवारीत भरतो, आणि त्याला हिंदूही मोठ्या संख्येने जातात. याच जिल्ह्यातील गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. जुन्या परभणी जिल्ह्यातील नर्सीच्या नामदेवांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आदराने समाविष्ट झाली आहेत. मग येथे सलोखा आहेच, वेगळ्या धर्मनिरपेक्षतेची गरज काय? सणासुदीच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, दोन्ही बाजूंचे प्रतिष्ठित एकमेकांना हार घालतात, आणि यालाच सर्वधर्मसमभाव मानून सारे घरी जातात.

हा सलोखा मोलाचा आहे. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. पण उरुसातील रेवड्या एकत्र खाणारा माणूस दुसऱ्या दिवशी आपले घर भाड्याने देताना भाडेकरूचे आडनाव विचारतोच. शेजारधर्म ही भावना आहे. ती आज असते, उद्या एखाद्या अफवेने नाहीशी होऊ शकते. नागरिकत्व हा हक्क आहे. तो शेजाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून राहता कामा नये.

हा भेद मराठीत स्पष्टपणे मांडणारे विचारवंत याच मातीतील होते. नरहर कुरुंदकर यांचा जन्म १९३२ चा. त्यांचे मूळ गाव कुरुंदा हे वसमत तालुक्यातील, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील. १९९९ पासून ते हिंगोली जिल्ह्यात आहे. निजामी राजवट त्यांनी वाढत्या वयात पाहिली होती. धर्मनिरपेक्षता म्हणजे सर्व धर्मांना सारखाच नमस्कार नव्हे, ऐहिक जीवनावरील धर्माचा अधिकार नाकारणे म्हणजे धर्मनिरपेक्षता, ही भूमिका त्यांनी आयुष्यभर मांडली. विवाह, वारसा, शिक्षण, स्पृश्यास्पृश्यता यांविषयी धर्मग्रंथ काय सांगतात यापेक्षा नागरिकांनी केलेला कायदा काय सांगतो हे राज्याच्या दृष्टीने निर्णायक असले पाहिजे. या कसोटीवर त्यांनी हिंदू परंपरेची चिकित्सा केली आणि मुस्लिम राजकारणाचीही; म्हणूनच दोन्हीकडच्या सनातन्यांना ते अडचणीचे वाटले.

त्यांच्याच वयाचे आणि त्यांचे मित्र असलेले हमीद दलवाई यांनी हेच काम स्वतःच्या समाजात केले. १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाकाविरुद्ध अवघ्या सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत काढला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. त्या सात स्त्रिया दया मागत नव्हत्या. आपण भारताच्या नागरिक आहोत एवढेच सांगत होत्या. अर्धशतकानंतर, २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तोंडी तिहेरी तलाक रद्द ठरविला तेव्हा त्या छोट्या मोर्चाचे म्हणणे देशाने ऐकले असे म्हणता येईल.

मात्र सुधारणेची ही मागणी कोण कोणत्या स्वरात करतो याला महत्त्व आहे. हिंदू कायद्यात १९५५-५६ मध्ये सुधारणा झाल्या त्याही सुखासुखी झाल्या नाहीत. त्या रखडल्या हे डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देण्याचे एक प्रमुख कारण होते. परंतु त्या सुधारणांना विरोध करणाऱ्यांच्या राष्ट्रनिष्ठेविषयी त्या वेळी कोणी शंका घेतली नाही. मुसलमान मात्र सुधारणेला तयार नसेल तर तो भारतीयच नव्हे, असे म्हटले जाते. सुधारणा ही नागरिकत्वाची फी नाही. ती नागरिकाने नागरिकाकडे, बहिणीने भावाकडे करावयाची मागणी आहे. आणि संशयाने घेरलेल्या समाजात पहिला बळी जातो तो सुधारकाचाच.

घटना काय विचारते

घटनेतील 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द मूळचा नाही, तो १९७६ मध्ये आणीबाणीत घालण्यात आला, असा आक्षेप घेतला जातो. शब्दापुरते ते खरे आहे. तत्त्व मात्र पहिल्या दिवसापासूनचे आहे. घटनेच्या पाचव्या अनुच्छेदाने नागरिक ठरविताना अधिवास विचारला, जन्मस्थान विचारले, वास्तव्याचा काळ विचारला. धर्म विचारला नाही. चौदा, पंधरा आणि सोळा या अनुच्छेदांनी समानतेची हमी दिली, पंचविसाव्याने श्रद्धेची. २०१९ च्या दुरुस्तीने शेजारच्या तीन देशांतून आलेल्या स्थलांतरितांपुरता धर्माचा निकष कायद्यात आणला आणि त्यावरून देशभर तीव्र वाद झाला, ही गोष्ट खरी. पण मूळ घटनाकारांचा मार्ग कोणता होता याविषयी त्यामुळे संदेह उरत नाही. १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या पायाभूत संरचनेचा भाग असल्याचे सांगितले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उद्देशिकेतील त्या शब्दाला आव्हान देणाऱ्या याचिका फेटाळल्या.

या निकालाला पंधरा-सोळा दिवस होतात न होतात तोच, १० डिसेंबर २०२४ रोजी, परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. शहरात संताप उसळला, बंद पाळण्यात आला, जाळपोळ झाली, धरपकड झाली. अटक झालेला कायद्याचा एक विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने या प्रकरणी पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. परभणीला याहून जुनी एक घटना आठवते. मुंबईतील घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणी अटक झालेला येथील एक तरुण संगणक अभियंता जानेवारी २००३ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना नाहीसा झाला. तो पळून गेल्याची कथा तपासात टिकली नाही, आणि त्या स्फोटाच्या खटल्यातील आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. एक तरुण आंबेडकरी विचारांचा, दुसरा मुसलमान. दोघांच्या मातांनी न्यायालयाचे दार ठोठावले. राष्ट्रनिष्ठेचा पुरावा नागरिकाकडेच मागण्याची सवय समाजाला जडली आहे. या दोन मातांनी उलट राष्ट्राकडे पुरावा मागितला, आणि तो मागण्यासाठी त्यांनी घटनेचाच आधार घेतला. आपलेपणाची याहून मोठी साक्ष कोणती असू शकते?

हेही विसरता येत नाही, की 'आपण' या सर्वनामातून वगळले गेलेले केवळ मुसलमानच नव्हते. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, परभणी जिल्ह्यातूनही, दलितांच्या घरांना आगी लावल्या गेल्या. तीस वर्षांपूर्वी रझाकारांनी गावे जाळली म्हणून ज्यांचे डोळे पाणावत होते, त्यांतील काही जणांच्या डोळ्यांदेखत हे घडले. नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. समूहाच्या मालकीचा सिद्धांत धर्माच्या नावाने येतो तसाच जातीच्या नावानेही येतो, हा या सोळा वर्षांचा धडा आहे.

कारकुनाचे टेबल आणि शिक्षकाचा फळा

इतिहास कधीकधी मोठी मार्मिक थट्टा करतो. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमली गेली, आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटच्या आधारे कार्यवाहीचा निर्णय काढला. ज्या निजामी दप्तराकडे गुलामीची खूण म्हणून पाहिले जात होते, त्याच दप्तरात मराठा कुटुंबे आपल्या पूर्वजांची ओळख शोधू लागली. ती कागदपत्रे वाचावयास मोडीचे जाणकार लागले, तसेच उर्दूचेही. जी लिपी परक्या सत्तेची म्हणून टाकून दिली होती, तिच्यात आपल्याच पणजोबांचे नाव निघाले. भूतकाळाची वाटणी धर्माप्रमाणे करता येत नाही, हे सांगावयास याहून चांगला दाखला कोणता?

सामान्य माणसाला राज्य भेटते ते दिल्लीत नव्हे. ते भेटते तहसील कचेरीतील कारकुनाच्या टेबलापाशी. रहिवासी दाखला, शिधापत्रिका, फेरफाराचा उतारा मागणाऱ्याचे नाव वाचून हात थबकत नसेल, तर घटनेचा पाचवा अनुच्छेद तेथे जिवंत आहे. थबकत असेल, तर उद्देशिका भिंतीवर टांगून उपयोग नाही. तसेच राष्ट्र मुलांना भेटते ते शिक्षकाच्या शब्दांत. १७ सप्टेंबरच्या भाषणात शोएबुल्ला खान यांचे नाव घेण्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही. सुंदरलाल समितीने काय पाहिले हे वरच्या वर्गांना सांगावयास कोणाची परवानगी लागत नाही. रझाकारांचे अत्याचार सांगावेत, एक शब्दही सौम्य न करता सांगावेत. पण त्यांच्यामागे कोणता सिद्धांत होता तेही सांगावे, म्हणजे तो सिद्धांत उद्या दुसऱ्या रंगाचा झेंडा घेऊन आला तरी मुलांना ओळखता येईल.

परतूरच्या अधिवेशनापासून सतरा सप्टेंबरपर्यंतच्या अकरा वर्षांत या भागातील माणसांनी जे मागितले ते साधे होते: राज्य प्रजेचे असावे. प्रजा म्हणजे अमुक धर्माची प्रजा, असे त्यांनी म्हटले नाही. ते मागणे पुरे झाले की नाही, याची परीक्षा ध्वजवंदनाच्या वेळी होते. मैदानावरील शेवटच्या रांगेतील मुलाला, मग त्याचे नाव काहीही असो, वक्त्याच्या तोंडचे 'आपण' हे सर्वनाम स्वतःचे वाटले, तर मुक्तिसंग्राम जिंकला गेला. तोपर्यंत निजाम हरला, एवढेच म्हणता येईल.